एक्केचाळीस अंश

१

आमच्या कक्षाचं अधिकृत नाव दोन ओळींचं होतं, पण छावणीत सगळे त्याला 'दिवाबत्ती खातं' म्हणायचे. आकाशात कुणाला काही चमकताना दिसलं आणि त्याने ते लेखी कळवलं, की तो कागद फिरत फिरत माझ्या टेबलावर येई. मग मी जीप काढायचो, त्या माणसाला गाठायचो, त्याच जागी आणि त्याच वेळेला त्याला उभं करायचो आणि सांगायचो, आता बोट दाखवा. बोट जिकडे वळेल तिकडे कोनमापक धरून मी क्षितिजापासूनचा अंश वाचायचो. मग दिशा, रंग, आकार. हात लांब करून अंगठ्याच्या नखाएवढा होता का, की मुठीएवढा? लोक बिचारे खरंच हात लांब करून बघायचे.

परत आलो की नमुना भरायचा. नमुन्यावर आठ चौकटी होत्या. ग्रह किंवा तारा, विमान, हवामानाचा फुगा, ढगावरचं परावर्तन, पक्षी, खोडसाळपणा आणि निरीक्षकाचा दोष. या शेवटच्यात पुन्हा दोन पोटभाग होते, डोळ्यांचा आणि मनाचा. आठवी चौकट 'कारण सापडले नाही' अशी होती आणि ती रिकामी ठेवण्यासाठीच छापलेली होती. माझ्या आधीच्या अधिकाऱ्याने एकदा तिच्यात खूण केली होती. त्याला कोठारात ब्लँकेटं मोजायला पाठवलं. तो अजून तिथेच आहे, मी दिसलो की हात हलवतो.

सहा वर्षांत मी दोनशे अकरा प्रकरणं निकाली काढली आणि आठव्या चौकटीला पेन लावलं नाही. मला माझ्या कामाचा अभिमान होता. मेसमध्ये जेवणं झाली की मी साक्षीदारांच्या नकला करायचो. एक बाई शुक्र बघून रडली होती, तिच्या नकलेला सगळ्यात जास्त हशा मिळे. ती रडत असताना मी तिला पाण्याचा पेला दिला होता आणि त्याच वेळी तिचा हुंदका नीट लक्षात ठेवत होतो. हे आज लिहिताना कानशिलं तापतात.

२

हवाई टेहळणीची एक चौकी शहराबाहेरच्या टेकडीवर होती. चार खांब, वर पत्रा, चढायला लोखंडी जिना, आत एक उंच स्टूल, टेलिफोन आणि नोंदवही. तिथले हवालदार बावीस वर्षं आकाशाकडे बघत बसले होते. पोरं त्यांना 'दुर्बीण' म्हणायची, कारण दुर्बीण गळ्यात असूनही ते ती क्वचित डोळ्याला लावत. विमान ठिपक्याएवढं असतानाच ते त्याची जात सांगायचे. त्यांच्या वह्यांत बावीस वर्षांत एकही खाडाखोड नव्हती. दोन महिन्यांनी ते निवृत्त होणार होते आणि त्या वह्या प्रशिक्षण शाळेत नमुना म्हणून काचेच्या कपाटात ठेवायचं ठरलं होतं. एवढी एकच गोष्ट त्यांनी आयुष्यात मिळवली होती असं ते स्वतःच सांगायचे, आणि सांगताना लाजायचे. तेव्हा मी मनात त्यांचा उल्लेख एकेरी करत असे. आता ते जमत नाही.

मी वर्षातून एकदा चौक्यांची पाहणी करायचो. त्या दिवशी दुपारी तीनला त्यांच्याकडे पोचलो. लख्ख ऊन होतं, आकाशात ढगाचा बोळासुद्धा नव्हता. आम्ही चहा प्यायलो. त्यांनी निवृत्तीनंतर काय करणार ते सांगितलं, म्हणजे काहीच नाही, खाली बघून चालायचं म्हणाले. मी हसलो आणि निघायला उठलो.

"साहेब," ते म्हणाले, "उत्तरेला. पाण्याच्या टाकीच्या वर."

मी पाहिलं. हे इथे स्पष्ट लिहितो, कारण तेव्हा ते मी कुठेच लिहिलं नाही. पांढरा, गोल, स्वच्छ घासलेल्या वाटीच्या बुडाएवढा प्रकाश टाकीच्या बराच वर थांबला होता. तो चकाकत नव्हता. उलट त्याच्याभोवतीचं आकाश जरा मळकं दिसत होतं. तो हलत नव्हता, आणि त्याच्या हलत नसण्यात काहीतरी चुकत होतं. आपण एखाद्या खोलीत शिरावं आणि आतल्यांचं बोलणं एकदम थांबावं, तसं मला वाटलं. टेकडीवरचे पक्षी गप्प झाले होते की आधीपासूनच गप्प होते, हे मला आठवत नाही.

किती वेळ बघत होतो कोण जाणे. हवालदारांनी शांतपणे नोंद लिहिली. तीन चाळीस, उत्तर, एक्केचाळीस अंश, पांढरा, स्थिर. मग नियमाप्रमाणे वही माझ्याकडे फिरवली. चौकीवर दुसरं कुणी हजर असेल तर शेजारच्या रकान्यात त्याने साक्ष लिहायची असते.

मी पेन हातात घेतलं. दोनशे अकरा प्रकरणं डोळ्यांसमोर आली, मेसमधला हशा आला, ब्लँकेटं आली. वरच्या पदासाठी माझं नाव पुढे गेलेलं होतं. दिवे बघणाऱ्यांना वेड्यात काढणाऱ्या माणसाने स्वतः दिवा बघितला, तर त्याचं काय होतं हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक असणार? मी लिहिलं, 'पाहिले नाही.' खाली सही केली.

हवालदारांनी ती ओळ वाचली. त्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. शाई ओली होती, तिच्यावर टिपकागद दाबला आणि वही मिटली.

३

दोन दिवसांनी कर्नलसाहेबांनी बोलावलं. ती नोंद त्यांच्यापर्यंत पोचली होती. "तू तिथेच होतास म्हणे," ते म्हणाले. "बरंच झालं. अर्धं काम झालंय." हजर असलेल्या माणसाने चौकशी करू नये असा साधा संकेत आहे, पण मी तो विषय काढला नाही. दुसरा कुणी गेला तर खोदून विचारेल, ही भीती होती. चोराच्या मनात चांदणं.

नोंदीला आठ दिवस झाल्यावर मी पुन्हा टेकडीवर गेलो. ड्रायव्हर खाली जीपमध्ये झोपला. वर हवालदार आणि मी. तीन चाळीस वाजले तसं मी नेहमीचं वाक्य म्हणालो, आता बोट दाखवा.

त्यांनी स्टुलावर बसूनच हात उचलला. मी बोटाच्या रेषेत कोनमापक धरला. नजर यंत्रावर ठेवली होती, आकाशाकडे नव्हती. आकडा छत्तीस आला.

मला जरा हायसं वाटलं. माणूस चुकत होता. म्हटलं, हवालदार, मागच्या वेळी एक्केचाळीस होता, आज पाच अंश खाली दाखवताय, तुमच्याकडून एवढी चूक? आवाजात मी मुद्दाम थोडा साहेबीपणा आणला होता.

त्यांचा हात तसाच वर होता. "साहेब," ते म्हणाले, "तेव्हा कुठे होता ते विचारताय, की आत्ता कुठे आहे ते?"

मी यंत्रावरून डोळे काढले नाहीत. पितळेच्या पट्टीवर एक पांढरा ठिपका पडला होता. पितळ चकाकतंच, त्यात नवल काही नाही, असं मी स्वतःला समजावलं. मग पट्टी थोडी तिरकी केली. पितळेची चमक सरकायला हवी होती. ती सरकली, ठिपका तिथेच राहिला.

हवालदार हळू आवाजात सांगत राहिले. आठही दिवस तो तिथे होता, रोज. तुम्ही वहीत लिहिलंत ना साहेब, तेव्हाच तो पहिल्यांदा हलला. दोन-तीन केसांएवढा खाली आला. मला वाटलं, माझे डोळे पाणावले असतील. नंतर चौकीवरच्या दुसऱ्या पाळीच्या पोराला विचारलं, त्याला दिसला होता, पण तो म्हणाला, माझं नाव घालू नका. त्या दिवशी आणखी खाली आला.

मी विचारलं, मग त्या दिवसांच्या नोंदी कुठे आहेत? वहीत तर काही नाही.

"साक्ष कोण देणार?" ते म्हणाले. त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती. "एकट्याने पाहिलेलं मी बावीस वर्षांत खूप लिहिलं. पण दुसरा हजर असून नाही म्हणतो, असं पुन्हा वहीत यायला नको."

मी कागदावर एक्केचाळीस लिहिलं. पाच अंश माझ्या हाताने वर ढकलले आणि जिना उतरलो. जीपपर्यंत मान खाली घालूनच गेलो. जाताना पायवाटेवर माझी सावली पुढे पडायला हवी होती की मागे, याचा हिशेब मला लागेना, आणि तो लागू नये म्हणून मी भरभर चाललो.

४

नमुन्यावर मी 'निरीक्षकाचा दोष' या चौकटीत खूण केली. पोटभाग डोळ्यांचा निवडला. मला तो दयाळूपणाच वाटला. वय झालं, मोतीबिंदू असेल, त्यात कुणाची नाचक्की नाही. अशी समजूत घालून मी दोन रात्री बरा झोपलो.

मग डोळ्यांच्या डॉक्टरांचं पत्र आलं. दृष्टी निर्दोष, या वयाला अपवादात्मक. कर्नलसाहेबांनी पत्रावर लाल पेन्सिलीने प्रश्नचिन्ह काढून कागद परत पाठवला. डोळे ठीक असतील तर चौकट बदलावी लागणार होती. उरलेल्या सहा कारणांत एकही बसत नव्हतं, त्यांच्या नोंदीनेच ती सगळी खोडली होती. आठवीत खूण करायची हिंमत नव्हती. पुसून मी दुसऱ्या पोटभागात केली. मनाचा.

चार दिवसांत हवालदारांना लष्करी इस्पितळाच्या मानसिक विभागात तपासणीसाठी नेलं. प्रशिक्षण शाळेने वह्या परत पाठवल्या, सोबत दोन ओळींचं पत्र. तेही माझ्यामार्फतच गेलं, मीच त्यावर जावक क्रमांक घातला.

माझ्या खोलीची खिडकी उत्तरेला होती. मी टेबल फिरवून पाठ तिकडे केली. एका दुपारी वीज गेली होती. मी कागदावर सही करत होतो तेव्हा पेनाला दोन सावल्या दिसल्या. एक नेहमीची, फिकट. दुसरी बारीक, काळी, धारदार. मी बराच वेळ विचार केला. समोरच्या इमारतीच्या काचेवरून ऊन येत असेल. समोरच्या इमारतीला या बाजूला काचा नाहीत. मग पाण्याच्या पिंपावरून येत असेल. असं एकेक कारण काढत मी सात कारणं काढली, आणि सातवं संपल्यावर हसूही आलं आणि रडूही. मग पेन ठेवून दिलं.

घरीसुद्धा मी भिंतीकडे तोंड करून बसायला लागलो. बायको म्हणाली, "हे काय, कुणी शिक्षा केलीय का?" मी म्हटलं, डोकं दुखतंय, उजेड नको. ती पडदा लावायला खिडकीपाशी गेली आणि जरा थांबली. म्हणाली, आज केवढं लख्ख पडलंय या बाजूला. आमची ती खिडकीही उत्तरेची. त्या दिवसापासून तिने तो पडदा उघडला नाही आणि मीही उघड म्हटलं नाही. आम्ही दोघं एकाच छपराखाली एकाच गोष्टीबद्दल गप्प होतो, आणि एकमेकांना चहा हवा का ते विचारत होतो.

५

हवालदारांची बायको मला भेटायला कचेरीत आली. उंच, सडपातळ बाई, हातात कापडी पिशवी. बसा म्हटल्यावरही ती उभीच राहिली. मला वाटलं, ओरडेल. ओरडली असती तर बरं झालं असतं.

ती म्हणाली, इस्पितळात त्यांनी खिडकी बंद करून घेतली आहे. पडदा ओढून, पाठ तिकडे करून बसतात. नर्स म्हणते, खोली कोंदट होते, पण ऐकत नाहीत. जेवण कमी झालंय. रात्री झोपतात, दिवसा घाबरतात, असं कधी ऐकलंय का साहेब? त्यांना रात्रीची भीती कधीच नव्हती आणि दिवसाचीही नव्हती.

मी मान हलवत राहिलो. मग तिने ते म्हटलं, ज्यासाठी ती आली होती.

"तुमच्याबद्दल ते एक शब्द वाईट बोलत नाहीत. म्हणतात, साहेब जिन्याकडे वळले होते, त्यांनी वर बघितलंच नाही, मग ते तरी काय लिहिणार. असंच झालं ना?"

खरं तर मी त्यांच्या खांद्याला खांदा लावून उभा होतो. माझा चहाचा कप त्यांच्या हातात होता. त्यांनी बायकोशी, डॉक्टरांशी, सगळ्यांशी माझ्यासाठी खोटं बोलून ठेवलं होतं. बावीस वर्षांत एक खाडाखोड न केलेल्या माणसाने.

"हो," मी म्हणालो. "जिन्याकडे वळलो होतो."

तिचा चेहरा मोकळा झाला. ती पुढे म्हणाली, मोठे साहेब म्हणालेत की 'मला भास झाला होता' असं त्यांनी लिहून दिलं, तर शेरा काढतील, नेहमीसारखं निवृत्त करतील. वह्याही शाळेत परत जातील. पण ते सही करत नाहीत. तुमचं ऐकतील. तुमच्यावर त्यांचा जीव आहे.

ती गेल्यावर मी दार लावलं आणि एका कोऱ्या कागदावर लिहायला बसलो. त्या दिवशी तीन चाळीसला मी काय पाहिलं ते सगळं लिहिलं. कुणावर उपकार करतोय असं वाटत नव्हतं. फक्त लिहिताना एकही शब्द खोडावा लागला नाही, एवढंच खूप दिवसांनी झालं. त्यावर सही केली, तारीख घातली. मग कर्नलसाहेबांनी माझ्याकडे पाठवून ठेवलेला 'मला भास झाला होता' हा टंकलेला कागदही घेतला. दोन्ही एकाच पाकिटात ठेवले. पाहू, तिथे गेल्यावर काय सुचतंय ते, असं म्हणालो. तिथेच मी अर्धा हरलो होतो.

६

इस्पितळाचा तो भाग तळमजल्यावर होता. लांब बोळ, फिनेलचा वास, एका रांगेत हिरवी दारं. हवालदारांची बायको बोळातल्या बाकावर थर्मास घेऊन बसली होती. मला बघून उठली, पदर सावरला. मी तिला म्हटलं, तुम्ही इथेच थांबा, मी दहा मिनिटं बोलतो.

दुपारचे साडेतीन वाजले असतील. आत कोंदट होतं. पलंग, लोखंडी कपाट, एक खुर्ची. हवालदार खुर्चीत खिडकीकडे पाठ करून बसले होते. डोळ्यांवर कापसाच्या घड्या आणि वरून पट्टी.

"साहेब का?" ते म्हणाले. बुटांच्या आवाजावरून ओळखलं. मग सांगितलं, घाबरू नका, डोळ्यांत औषध घातलंय, पुन्हा तपासायचे म्हणतात. संध्याकाळपर्यंत दिसणार नाही. इथे कुणाला विश्वासच बसत नाही की माझे डोळे चांगले आहेत. हे सांगताना ते हसले.

मी पलंगावर बसलो. त्यांच्या खांद्यावरून मला खिडकी दिसत होती. जाड, विटका निळा पडदा होता. खिडकीमागे हातभर अंतरावर शेजारच्या इमारतीची भिंत होती, ती मी येताना बाहेरून पाहिली होती. तिथे ऊन पोचत नाही, भिंतीला शेवाळं धरलेलं होतं.

पडद्यामागे तो होता.

आधी मला वाटलं, कापडाला भोक आहे. मग दिसलं की त्या एका जागी कापडाचा धागा न् धागा वेगळा दिसतोय. वाटीएवढा गोल, उभ्या माणसाच्या छातीच्या उंचीवर. मी वळून पाहिलं. खिडकीसमोरच्या भिंतीवर खुर्चीची सावली पडली होती, खुर्चीत बसलेल्या माणसाची पडली होती, आणि ती सरळ, आडवी आली होती, उगवतीचं ऊन येतं तशी. माझीही शेजारी होती. सावल्या काळ्या कुळकुळीत होत्या. खोलीत आवाज कसलाच नव्हता. बोळातली चाकाची गाडी जाताना ऐकू यायला हवी होती, दाराखालून ती जाताना मी पाहिलीही.

हवालदार हात मांडीवर ठेवून बसले होते. "साहेब," ते म्हणाले, "कुणालाही विचारलं असतं, पण इथले सगळे मला बरं वाटावं म्हणून बोलतात. तुम्ही मोजून बोलता. एवढंच सांगा. माझ्या मागे काही आहे का?"

पाकीट माझ्या मांडीवर होतं. त्यात माझा कागद होता, माझ्याच अक्षरात, माझ्याच सहीचा. एक शब्द म्हणायचा होता. मी तोंड उघडलं. मनात आलं, हो म्हटलं तर हा माणूस घाबरेल. मनात आलं, नाही म्हटलं तर सही करेल, वह्या परत जातील, घरी जाईल, बायको खूष होईल. ही सगळी कारणं मी आत्ता लिहितोय तेवढ्या सवडीने तेव्हा आली नव्हती. तेव्हा फक्त सवय आली.

"नाही," मी म्हणालो. "काही नाही."

त्यांचे खांदे खाली आले. इतके दिवस ते किती ताठ बसले होते हे मला तेव्हा कळलं. ते दोनदा मान हलवत म्हणाले, मग माझंच काहीतरी झालं असेल. बावीस वर्षं उन्हात बसलो, होतं माणसाला. आणा तो कागद. त्यांना कागदाचं माहीत होतं.

मी टंकलेला कागद पुढे केला. त्यांना जागा दिसेना, म्हणून मी त्यांचं बोट धरून ओळीवर ठेवलं. काय लिहिलंय, त्यांनी विचारलं. मी वाचून दाखवलं. त्यांनी सही केली. डोळे बांधलेले असूनही सही सरळ रेषेत आली.

"आता हा पडदा उघडतो," ते म्हणाले आणि उठले. "बारा दिवस हवा नाही खोलीत. तिला किती त्रास दिला."

मी त्यांना थांबवायला हवं होतं. हात पुढे केला असता तर त्यांची बाही हातात आली असती, इतके ते जवळून गेले. ते भिंत चाचपत खिडकीकडे निघाले, चेहऱ्यावर हसू होतं, आणि त्यांची सावली मात्र समोरच्या भिंतीवर मोठी होत गेली. मी कागद पाकिटात घातला. पडदा सरकेल तेव्हा मला त्या खोलीत असायचं नव्हतं. मी बाहेर आलो आणि दार हलकेच ओढून घेतलं.

आतून पडद्याच्या कड्या दांडीवर सरकल्याचा आवाज आला. एक, दोन, तीन, मग बाकीच्या एकदम. मग हवालदार बोलले. अगदी नेहमीच्या, कामाच्या आवाजात त्यांनी एक आकडा सांगितला. "शून्य अंश." नोंद लिहिणाऱ्या माणसाला ऐकू जावा तेवढा मोठा.

त्यांची बायको बाकावरून उठली. म्हणाली, पडदा उघडला वाटतं? मी हो म्हणालो. तिने माझे दोन्ही हात धरले. "तुमचं ऐकलं बघा," ती म्हणाली, आणि थर्मास घेऊन आत गेली.

मी बोळाच्या टोकापर्यंत पोचलो होतो. तिने त्यांना हाक मारली. बाहेरून घरी आल्यावर घरात कुणी आहे का बघायला मारतात, तशी. मग पुन्हा एकदा मारली, थोडी मोठ्याने.

७

खोली रिकामी होती. खिडकीला गज होते आणि ते जागच्या जागी होते. दाराबाहेर त्यांची बायको बसलेली होती. पट्टी आणि कापसाच्या घड्या खिडकीच्या कट्ट्यावर नीट घडी घालून ठेवलेल्या सापडल्या. याहून जास्त मला सांगता येत नाही, आणि चौकशी करणाऱ्यांनाही सांगता आलं नाही. ती चौकशी माझ्याकडे नव्हती. मी साक्षीदार होतो. एका तरुण अधिकाऱ्याने मला त्या खोलीत उभं केलं आणि विचारलं, तुम्ही होता तेव्हा खिडकीत काही दिसलं का? तो नम्र होता. मी नाही म्हणालो, त्याने लिहून घेतलं. त्याच्यासमोर कुठला नमुना होता आणि किती चौकटींचा, हे मी पाहिलं नाही.

माझा तो कागद अजून पाकिटात आहे. उत्तरेची खिडकी मी आता उघडी ठेवतो. माझी बायको बोलत नाही, पण पडदा काढून तिने धुवायला टाकला. आकाश स्वच्छ असतं. मी रोज दुपारी बघतो, कोनमापक घेऊन बघतो, आणि तिथे काहीही नसतं. मला वाटलं होतं, तो माझ्यासाठी येईल. बहुतेक मी त्याच्या कामाचा नाही.

गेल्या आठवड्यात हवालदारांची बायको घरी आली होती. वह्या शाळेच्या कपाटात लागल्या, त्या बघायला चला म्हणाली. मी कामाचं निमित्त सांगितलं. निघताना उंबऱ्यात थांबून तिने विचारलं की शेवटी, त्या खोलीत, त्यांना बरं वाटलं होतं ना? भीती गेली होती ना?

मी म्हटलं, हो, गेली होती. माझ्या शब्दावर गेली होती. तिने डोळे पुसले आणि माझ्या पाया पडायला वाकली, आणि मी तिला वाकू दिलं.